कातळ सांगेल तशी वाट

संगमनेरला आमचा घरचा धंदा विहिरींचा. आजोबांनी पहार आणि घणावर विहिरी काढल्या, वडिलांच्या काळात सुरुंग आले, यारी आली, आणि माझ्या काळात बोअरवाल्यांनी धंदा निम्म्यावर आणून ठेवला. तरी विहिरी निघतात अजून. मधे सवड मिळाली की मी अकोले तालुक्यातल्या डोंगरांत जातो. कधी एकटा, कधी पुण्या-मुंबईच्या पोरांबरोबर. पोरं दरवाजे बघतात, बुरूज बघतात, ड्रोन उडवतात. मी आपला कातळाला नाक लावून उभा. आधी हसायची, आता विचारतात, "काका, इथं काय दिसलं?" दर वेळी चालता चालता अर्धवट सांगून होतं, म्हणून एकदा बसून लिहितोय.

विहीर खोदताना वरची माती आणि मुरूम निघाला की दगड लागतो, पण तो एका जातीचा नसतो. काळा पाषाण लागला की छिन्नी खणखणते, घण उलटा येतो, सुरुंगाची भोकं मारता मारता दिवस जातो आणि विहिरीच्या मालकाचं तोंड उतरतं. त्याच्याखाली मांजऱ्या. करडा-तांबूस रंग, अंगभर बारीक भोकं, भोकांत पांढरे ठिपके. हा मऊ. मांजऱ्या दिसला की मालक चहा सांगतो, कारण पाणी लागलं तर इथंच लागायचं. मधूनच वीतभर, कधी कंबरभर, गेरूचा लाल पट्टा. मग परत काळा. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. कुणाच्या विहिरीत कितव्या परसाला (परस म्हणजे पुरुषभर खोली) मांजऱ्या लागला हे नानांना तोंडपाठ असायचं. त्या माणसाला मुलं किती, हे मात्र दर वेळी नव्यानं विचारायचे.

सह्याद्रीतला डोंगर म्हणजे बाहेरून दिसणारी विहीर. तेच थर, त्याच क्रमानं, फक्त आपण खालून वर जातो. भंडारदऱ्याच्या रस्त्यानं पावसाळ्यानंतर जा आणि समोरच्या कुठल्याही डोंगराकडे बघा. काळी उभी भिंत, मग हिरवा उताराचा पट्टा, परत काळी भिंत, परत हिरवा पट्टा. काळ्या भिंती म्हणजे पाषाण. हिरवे पट्टे म्हणजे मांजऱ्या आणि गेरू झिजून झालेला उतार, ज्यावर माती धरते, कारवी वाढते, झाड उभं राहतं. गावाकडं या पट्ट्याला पदर म्हणतात.

हे थर आले कुठून, ते मी नंतर भूगर्भशास्त्राच्या एका प्राध्यापकांकडून समजून घेतलं. त्यांना आमच्या विहिरीतले दगड हवे होते आणि मला माहिती, त्यामुळे सौदा जमला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर येत राहिला. एक थर यायचा, पसरायचा, थंड व्हायचा, मग कधीतरी पुढचा. आज एवढी झीज होऊनही हा दगड सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे वर चढतात आणि वरचा भाग गोठताना तिथंच अडकतात, म्हणून थराच्या माथ्याला भोकं. मधला भाग सावकाश गार होतो, घट्ट होतो आणि आकसताना त्याला उभ्या भेगा पडतात. दोन थरांच्या मधे बराच काळ गेला तर वरचा दगड कुजून त्याची माती होते, आणि पुढचा लाव्हा तिच्यावर पसरून तिला भाजून काढतो. तो आपला गेरू. नानांना यातलं काही माहीत नव्हतं, पण गेरूच्या वरच्या अंगाला पाणी असतं, हे त्यांना माहीत होतं. सांगायचा मुद्दा, दोघांचं जमतं.

दख्खनच्या या थरांचे शास्त्रज्ञांनी गट पाडले आहेत, आणि सगळ्यात खालच्या, म्हणजे वयानं सगळ्यात थोरल्या गटाला नाव दिलंय कळसूबाईचं. १६४६ मीटरचं, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर आणि त्याचं नाव तळाच्या गटाला. बारी गावातून शिडीमागून शिडी चढून आपण माथ्यावरच्या देवळात घंटा वाजवतो, तेव्हा पायाखाली दख्खनचा तळमजला असतो. वरचे मजले बघायचे तर दक्षिणेला महाबळेश्वरकडं जायचं.

आता वाटांकडं येतो, कारण थर कळले की वाटा आपोआप कळतात. डोंगरातली जुनी पाऊलवाट माणसानं मनात आलं म्हणून पाडलेली नसते. ती पदरानं आडवी जाते आणि जिथं काळा पाषाण फुटलाय तिथंच वर चढते. पाषाणाच्या उभ्या भेगेत पाणी शिरतं, मुळं शिरतात, धोंडे निखळतात आणि नाळ पडते. बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडावर येणारी नळीची वाट ही अशीच एक भलीमोठी भेग आहे, तळापासून माथ्यापर्यंत धोंड्यांनी भरलेली. तिथं सोबत जाणकार माणूस आणि दोर हवा, हौसेनं जायची ती वाट नव्हे. खिरेश्वरहून तोलारखिंडीतून येणारी वाट खिंडीपर्यंत सरळ आहे. खिंडीनंतर कातळाचा टप्पा लागतो, तिथं पाषाण फुटलेला नाही म्हणून खोबण्या आणि रेलिंग. आणि पाचनईची वाट सगळ्यात सोपी म्हणतात, ती का सोपी ते चालताना पाहण्यासारखं आहे.

राजूरवरून पाचनईला गेलात की गाव सोडताच थोडी चढण आहे, दम लागतो. मग वाट एका प्रचंड कातळभिंतीच्या पायथ्याला येऊन लागते आणि तिथून पुढं भिंतीला धरून जवळजवळ आडवी चालते. एका हाताला भिंत, दुसऱ्या हाताला खाली ओढ्याची दरी. भिंत तुमच्या डोक्यावर झुकलेली आहे. पावसात बाहेर धारा पडत असतात आणि तुम्ही आत बऱ्यापैकी कोरडे. इथं थांबा. बहुतेक लोक इथं फक्त सेल्फीला थांबतात. भिंतीच्या बुडाला, गुडघ्याच्या उंचीवर, हात लावून बघा. वरचा दगड गार, घट्ट, बोट फिरवलं तर गुळगुळीत. बुडाचा दगड खरखरीत, नखानं पावडर निघते, रंग विटकरी. हा मऊ थर आतल्या आत झिजत गेला आणि वरचा पाषाण छप्परासारखा पुढं राहिला. वाट या मऊ पट्ट्यातूनच काढली आहे. ढोरांनी आधी पाडली असेल, माणसं मागून आली असतील. काही ठिकाणी भोकांत पांढऱ्या सुयांचे झुबके दिसतात, नीट बघितलं तर बोटाच्या पेरापेक्षा बारीक. ही झिओलाइट जातीची खनिजं, दगडात मुरलेल्या पाण्यानं कोट्यवधी वर्षांत भरलेली. आमच्या विहिरींतही निघतात. पूर्वी डबरात फेकून द्यायचो, मग व्यापारी यायला लागले. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत निळंशार कॅव्हन्साइट निघतं, त्याला जगभर गिऱ्हाईक आहे. पण वाटेवरचे खडे उकरू नका राव. अभयारण्य आहे ते, १९८६ पासून, आणि उकरून हातात फक्त चुरा येतो.

पायांसाठी एक सांगतो, हे कुठल्या बुटांच्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं. ओला काळा पाषाण हा वैरी. वर शेवाळ असेल तर बूट कितीही महाग असोत. मांजऱ्या ओला असला तरी भोकांमुळे पाय धरतो. पावसाळ्यात पाय टाकताना मी रंग बघून टाकतो, काळा चुकवायचा आणि करडा धरायचा. उतरताना घसाऱ्यावर मात्र दोन्ही सारखेच फसवतात, तिथं कारवीचा दांडा धरायचा. कारवी मुळाशी धरली तर सहसा उपटत नाही. सात वर्षांनी एकदा फुलते ती हीच, आणि हिच्याच काठ्यांचे कुड लिंपून इथल्या घरांच्या भिंती व्हायच्या.

वर पठारावर हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, पुष्करणी, ओढ्याकाठी केदारेश्वराची गुहा. देवळाबद्दल इतकं लिहून झालंय की मी भर घालत नाही. गुहेबद्दल मात्र माझं मत आहे. आत मोठं शिवलिंग, भोवती कमरेएवढं बर्फासारखं पाणी, चार खांबांपैकी एकच धड उभा. प्रत्येक खांब म्हणजे एक युग, शेवटचा पडला की जग बुडणार, असं सांगतात. मी त्या उरलेल्या खांबाकडे बघतो तो धंद्याच्या नजरेनं. लेणी कोरणारे लोक दगडाचे पक्के जाणकार होते. मांजऱ्यात दोन जाती असतात. एक कुजका, पाणी सोडणारा. दुसरा घट्ट, भोकं खनिजानं भरून गेलेली, आणि मुख्य म्हणजे पाषाणासारख्या उभ्या भेगा नसलेला. छिन्नीला तो पाषाणापेक्षा हलका जातो आणि छत अचानक कोसळत नाही. महाराष्ट्रातली बरीच लेणी अशा दगडात आहेत. भेगांच्या पाषाणात एवढं मोठं दालन कोरायला घेतलं असतं तर कारागीरच गाडले गेले असते. आणि पाणी कुठून येतं म्हणून विचारलं, तर माझा अंदाज असा की वरच्या पठारावर मुरलेलं पाणी थराच्या सांध्यातून झिरपत इथं येतं. विहिरीला जसा पाझर, तसा गुहेला. पोरं पाण्यात उतरून प्रदक्षिणा घालतात, बाहेर येऊन दात वाजवतात. मी एकदा उतरलो, पुरे.

कोकणकडा. काय लिहू? शनिवारी-रविवारी तिथं तंबूंची जत्रा असते, रात्री स्पीकर असतात, सकाळी मॅगीची पाकिटं असतात. कुणी हटकलं की "काका, तुम्ही पण आलातच की" असं उत्तर मिळतं. ते खरंच आहे, त्यामुळे मी मधल्या वारी जातो. मधल्या वारी पालथं पडून कड्यावरून खाली डोकावलं तर पोटात गोळा येतो, कारण कडा नुसता उभा नाही, आत वळलेला आहे. खालचे थर आधी झडले आणि माथा पुढं राहिला, पाचनईच्या वाटेवर जे गुडघ्याएवढं बघितलं तेच इथं डोंगराएवढं, असं माझं वाचन. खालून वर येणारा वारा एवढा की पावसाचं पाणी खाली पडायचं सोडून वर उडतं.

इंद्रवज्र इथलंच. गोल, पुरं इंद्रधनुष्य, आणि मधोमध आपली स्वतःची सावली. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३५ साली छापून आलेल्या लेखात त्याचं वर्णन केलंय. लोक संध्याकाळी सूर्यास्त बघायला कड्यावर बसतात आणि इंद्रवज्राची वाट पाहतात, तेव्हा मला बोलावं लागतं. कड्याचं तोंड पश्चिमेला. दरीतल्या ढगावर आपली सावली पडायची तर सूर्य पाठीमागं हवा, म्हणजे सकाळ हवी, आणि सकाळी दरीत धुकं भरलेलं पण डोक्यावर आभाळ मोकळं हवं. हे सगळं जुळून यायला नशीब लागतं. माझ्या नशिबात अजून नुसतं धुकं आहे. गंमत अशी, की शेजारी उभ्या माणसाला दिसलं तरी त्याला मधोमध त्याची सावली दिसते आणि तुम्हाला तुमची.

रतनगड मला हरिश्चंद्रगडापेक्षा जवळचा, कारण आमची प्रवरा तिथं उगम पावते. रतनवाडीचं अमृतेश्वर बघावं, जंगलातून चढावं, शिड्या चढून गणेश दरवाज्यातून आत जावं आणि माथ्यावरच्या नेढ्यात बसावं. डोंगराच्या धारेला आरपार भोक, दोन्ही बाजूंना दरी. पुस्तकात वारा-पावसानं पडलेलं भोक म्हणतात, आणि आत बसल्यावर वाऱ्याबद्दल शंका राहत नाही. तिथं डबा उघडायच्या भानगडीत पडू नका. समोर अलंग, मदन, कुलंग आणि मागं कळसूबाई. खाली भंडारदऱ्याचं पाणी. १९२६ साली धरण पुरं झालं, आणि तेव्हापासून आमच्याकडच्या ऊसवाल्यांचं लक्ष आषाढात या डोंगरांवरच्या ढगांकडं असतं.

सांधण दरीबद्दल दर वेळी वाद होतो. साम्रद गावातून गेलात की पठार सपाट चालत असतं आणि अचानक जमीन चिरलेली दिसते. आत उतरलं की दोन्ही बाजूंना पाषाण, काही ठिकाणी हात पसरले तर दोन्ही भिंती लागतील एवढीच जागा, तळाला ट्रकएवढे धोंडे. वाटेत पाण्याचे डोह, त्यातून गारठत जायचं. पुढं कड्यांवरून दोर लावून कोकणात उतरता येतं, नाहीतर आल्या वाटेनं परत. इथं मांजऱ्याचा भाग कमी, पाषाणाच्या उभ्या भेगेचं काम जास्त; भेग धरून पाण्यानं कातरलेली आहे. वाद याचा नाही. वाद आहे "आशियातली दुसऱ्या क्रमांकाची खोल दरी" या वाक्याचा. ते प्रत्येक जाहिरातीत असतं. मी प्रत्येक वेळी विचारतो, बाबांनो, पहिली कुठली? आणि मोजली कुणी? आजवर उत्तर आलेलं नाही. सांधणला असल्या पाटीची गरजही नाही. पावसाळ्यात तिकडं फिरकू नका, एवढं मात्र पाटीवर मोठ्या अक्षरात हवं. वर पाऊस पडला की सगळं पाणी याच चिरेतून निघतं आणि पळायला जागा नसते.

पाण्यावर आलोच आहे तर ते सांगतो जे मला या सगळ्या भटकंतीत सगळ्यात जास्त खटकतं. घाटघर, रतनवाडी या भागात वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस. आमच्या संगमनेरला पाचशेच्या आसपास. आणि एप्रिल-मेमध्ये डोक्यावर हंडे घेऊन बायका कुठं दिसतात, तर घाटमाथ्यावरच्या वाड्यांत. बाहेरचे लोक म्हणतात, आश्चर्य आहे. विहीरवाल्याला यात आश्चर्य नाही. उतार तीव्र, माती पातळ, पाषाण पाणी आत घेत नाही. मांजऱ्यात जे मुरतं ते डोंगराच्या कडेला थर उघडा पडला की बाहेर निघून जातं, आमच्याकडं सपाटीवर साठून राहतं तसं राहत नाही. पडलेलं पाणी एका बाजूनं मुळा-प्रवरेनं गोदावरीला जातं, दुसऱ्या बाजूनं कडा उतरून कोकणात.

गडाच्या पायथ्याला एका वाडीत मी जेवायला थांबतो. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, आणि मागितलं तर परत पिठलं. या उन्हाळ्यात मावशी म्हणाल्या, "भाऊ, तुमी विहिरीचं काम करता ना? मंग आमच्या वाडीला एक काढून द्या की."

मी त्यांना सांगायला लागलो की इथं विहीर काढून उपयोग नाही, पाषाण लागेल, पैसा जाईल. त्याऐवजी त्या वरच्या भिंतीच्या बुडाला लाल पट्टा आहे, तिथं बारमाही ओल असणार, तिथं शोधायला हवं. हातानं दाखवलंसुद्धा, आंब्याच्या वर, कपारीच्या डाव्या अंगाला.

"तिथं झिरा हायेच," मावशी भाकरी उलटत म्हणाल्या. "माझी सासू तिथनंच आणायची. वैशाखात दोन हंडे भरेस्तोवर तिसरीला बसून ऱ्हावं लागतं. रात्री पाणी वाहून जातं, त्येचं काय करायचं ते सांगा."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेबरोबर वर जाऊन बघितलं. गेरूच्या वरच्या अंगाला करंगळीएवढी धार, खाली दगडात कोरलेली लहानशी खळगी, भरली की वाहून जाणारी. वर विहीर खोदायची गरज नाही. झऱ्याच्या तोंडाशी सिमेंटची पेटी, रात्रभराचं पाणी धरेल एवढी टाकी वाडीजवळ, आणि मधे पाइप. उतार चांगला आहे, मोटारीचं काम नाही. जागा वनखात्याची आहे, त्यामुळे आधी ग्रामसभेचा ठराव आणि खात्याची परवानगी. ते वाडीतली पोरं बघतायत. दोरीनं मोजून आलोय. अर्धा इंची काळा पाइप, सुमारे तीनशे फूट, आणि टाकीला दोन तोट्या. एक तोटी बंद ठेवायची की नाही यावर सासू-सुनेचं अजून एकमत व्हायचंय.